कडुनिंबाकडे तोंड करून

आमच्या नागपुरात बायांले पोहणं शिकवणारा पयला उस्ताद म्हणजे मी. फक्त शिकवलेल्यापैकी एकही बाई मी पाण्यात पाह्यली नाही.

बावडीकडे पाठ अन् कडुनिंबाकडे तोंड, असं उभं राहून मी शिकवलं. त्या निंबाच्या खोडाले कुठं गाठ होती, कोणत्या भेगेतून मुंगळे निंगत होते, ते मले आजबी सांगता येईन. बाया कशा पोहत होत्या ते मले विचारू नका. माही सून हे सारं लिहून घेऊन राहिली, कारण मले अंगठा उठवण्याच्या पुढे काही येत नाही. ती म्हणते, मामाजी, पयले तुमी कोण होते ते सांगा. सांगतो. त्याले वेळ लागणार नाही.

आमचं घर विणकराचं. सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा, अन् संध्याकाळपर्यंत कोण्या तरी बाईच्या लुगड्याचा एक तुकडा पुढे सरकवायचा. पोहणं मले कोणी शिकवलं नाही. लहानपणी तलावावर म्हशी धुवायले जात होतो. म्हशी खोल पाण्यात गेल्या, तं त्याइच्या मागं मीबी गेलो. माही पोहण्याची तऱ्हा म्हशीचीच राह्यली, नाक वर अन् बाकी सारं पाण्याच्या हवाली.

आमच्या पुऱ्यात, मोहल्ल्यात, एक आखाडा होता. तिथले पहिलवान मातीत कोणाच्या बापाले ऐकत नव्हते, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्याइले घरची आठवण येई. स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती, नागपूर तवा मध्य प्रदेशाची राजधानी होती, अन् जो तो काही ना काही मंडळ काढून राहिला होता. आखाड्यानं पोहण्याचा क्लब काढला. उस्ताद कोण, तं मी. दुसरं कोणी भिजायले तयारच नव्हतं.

क्लबाचे सेक्रेटरी सरकारी कचेरीत बाबू होते. धोतर असं पांढरं, की पायरीवर बसताना खाली रुमाल टाकत. घोट्याच्या वर त्याइनं कधी पाणी लावलं नाही. पण एक गोष्ट त्याइले कळत होती अन् मले कळत नव्हती. ते म्हणत, पोहता येणं वेगळं अन् शिकवता येणं वेगळं, आधी शिकवणारे स्वयंसेवक तयार करा, मग लहान पोरं पाण्यात सोडा. माही पद्धत तं सोपी होती. वाळला भोपळा पोट्ट्याच्या पाठीले बांधायचा अन् मागून लाथ द्यायची. सेक्रेटरी म्हणे, ही लाथ शिकवायला क्लब कशाला पाहिजे.

मंग मी पुऱ्यातले जवान पोट्टे जमा केले अन् त्याइले मास्तर बनवायले लागलो. त्याच्यासाठी मी स्वतः बुडत होतो. पाण्यात हातपाय झाडायचो, आईच्या नावानं बोंबलायचो, अन् जो कोणी सोडवायले येई त्याच्या मानेवर चढून बसायचो. पोट्टे पाणी पीत, शिव्या देत, पण शिकले. बुडणारा मानेवर बसला तं त्याच्याशी भांडायचं नाही, त्याले घेऊन खाली जायचं. त्याले तुही मान नको असते, हवा पाहिजे असते. पाण्याखाली गेलं की तो आपल्या हातानं सोडते. मंग मागून केस धरायचे अन् काठाले आणायचं. ज्याच्या ज्याच्या मानेवर मी बसलो तो चांगला मास्तर झाला. दुसऱ्या कोणाले माह्या वजनाचा असा फायदा झाला नाही.

असं हसतखेळत चाललं होतं, अन् मंग तो उन्हाळा आला.

आमच्या गल्लीतल्या विहिरीच्या काठाचे दगड दोर घासून घासून गुळगुळीत झाले होते. दुपारी पाणी काढता काढता एक पोट्टी घसरली. काठावर बाया भरपूर होत्या. साऱ्याइच्या हातात दोर होते, अन् एकीलेबी पोहता येत नव्हतं. एकीनं दोर खाली सोडला, पण पोट्टीले तो धरणं झालं नाही. एक मले बोलवायले धावली. मी मागावर होतो. धावत गेलो, उडी मारली, पोट्टीले वर आणलं. वर आणलं, एवढंच. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तिची माय काठाले टेकून बसली होती. रडून नव्हती राहिली. माह्या धोतरातून पाणी गळत होतं, तिकडे पाहून राहिली होती. त्याच्यानंतर मी घरात गमती करणं सोडलं. बायकोनं दोन दिवस पाह्यलं अन् मंग माह्या कपाळाले हात लावला, ताप आला का म्हणून.

ती पोट्टी ज्या शाळेत जाई तिथल्या बाई एक दिवस आमच्या दारात आल्या. डोळ्याले चष्मा, पांढरं पातळ, हातात छत्री. घरी त्या अन् त्याइची म्हातारी आई, बाकी कोणी नाही. मले म्हणाल्या, मला पोहायला शिकवा, मग मी पोरींना शिकवीन. गल्लीतल्या पोरी कोणी पुरुषाच्या हवाली करणार नाही, अन् शिकवणारी बाई गावात नाही, म्हणून त्याइलेच ती बाई व्हायचं होतं. मले बऱ्याच दिवसानं गंमत सुचली. म्हटलं, बाई, छत्री घेऊन पोहता येत नाही.

त्या हसल्या नाही. "हजेरी घेताना तिचं नाव अजून तोंडात येतं," म्हणाल्या, अन् छत्री मिटून तिथंच उभ्या राहिल्या.

मी सेक्रेटरीले सांगतलं. सेक्रेटरीनं कमिटी बसवली. कमिटीत आखाड्याचे म्हातारे पहिलवान, एक कापडवाला, अन् ज्याइच्या घरच्या बाया बाईसोबत शिकायले येणार होत्या ते नवरेलोक. गंज वाद झाला, संपता संपेना. शेवटी शहराबाहेरच्या संत्र्याच्या बगीच्यातली जुनी बावडी ठरली, चारी बाजूले दगडी पायऱ्या असलेली. दुपारची वेळ ठरली. उस्तादानं पूर्ण वेळ बावडीकडे पाठ करावी असं ठरलं. अन् उस्तादावर नजर ठेवायले उस्तादाची बायको पायरीवर बसन, हे तिनं स्वतःच ठरवलं. पाण्यात काय चाललं ते ती मले सांगन, अन् माही मान वळली तं घरी काय होईन तेबी सांगन.

अजून एक ठरलं, अन् तेच पुढे माह्या गळ्यात आलं. शिकणं झाल्यावर गल्लीतल्या पोरी बाईच्या हवाली करायच्या का नाही, ते कमिटी ठरवीन. अन् कमिटीतल्या कोणालेच पोहण्यातलं कळत नसल्यानं ते ठरन माह्या शब्दावर.

बाईच्या सोबत विणकराच्या घरच्या काही बाया होत्या, मदतनीस म्हणून शिकायले आलेल्या. पयले मी त्याइले जमिनीवर शिकवलं. आमच्या आंगणात बाजा टाकल्या, त्याच्यावर बाया पालथ्या पडल्या, अन् मी दाराच्या आडून सांगून राहिलो. मले वाटलं, विणकराच्या बायांले मागाचं उदाहरण द्यावं. म्हटलं, पावडी दाबता ना, तसेच पाय चालवा, एक खाली एक वर. बाजेवर सगळ्याइचं झकास जमलं. बावडीत उतरल्या तं बायकोची बोंब आली. सगळ्या बुडून राहिल्या, म्हणे. मागावर एक पावडी दाबली की धोटा इकडून तिकडे जाईपर्यंत थांबा लागते. ती सवय पायात होती. बायांनी एक पाय दाबला, धोटा जायची वाट पाह्यली, अन् वाट पाहता पाहता खाली गेल्या. तरंगल्या एकट्या बाई, कारण त्याइले माग येत नव्हता. त्या पायरीवर पाणी कमरेइतकंच होतं म्हणून माही इज्जत वाचली.

मंग बायको जे दिसन ते सांगे अन् मी निंबाले उपाय सांगे. "बाई गुडघे वाकवून राहिल्या," ती म्हणे. मी निंबाले म्हणे, गुडघे सरळ ठेवा. "त्या जाडीचं तोंडच वर येऊन नाही राहिलं." मी निंबाले म्हणे, श्वास सोडा अन् मान बाजूले करा. बगीच्याचा माळी दूरच्या बांधावरून जाता येता मले निंबाशी बोलताना पाहे, अन् माह्या डोक्याबद्दल त्याचं काय मत झालं असन ते मले माहीत आहे. मी मात्र ऐटीत होतो. मले वाटे, आपल्याले नुसत्या आवाजावरून कळते. पाय बरोबर पडले की पाण्याचा आवाज जड येते, चुकले की फटफट येते. एक दिवस मागून असा भारी, घुमणारा आवाज आला की मी खूश झालो. म्हटलं, वा बाई, आता जमलं, अस्सेच पाय मारा. मंग बायको म्हणाली, बाई तं पायरीवर बसून केस पुसून राहिल्या. माळ्यानं पल्याडच्या विहिरीवर बैल जुपले होते, अन् मी मोटेची तारीफ केली होती.

दिवस असे गेले. बायको सांगे की बाई आता बावडी आरपार जातात, सूर मारतात, तळातला गोटा काढून आणतात. मानेवर बसणाऱ्याले घेऊन खाली जायचं, तेबी मी निंबाले इतक्या वेळा सांगतलं की त्याले उचलून पाण्यात टाकलं असतं तं तोबी कोणाले तरी वाचवून आला असता. पुऱ्यात मी सांगत फिरलो की माही बाई तयार झाली. तयार झाली, तयार झाली, म्हणता म्हणता पोरीइच्या आया मले विचारायले येऊ लागल्या, अन् मी सगळ्याइले छातीवर हात ठेवून हो म्हणे.

मंग ती आली, विहिरीच्या काठावर बसलेली माय. तिले धाकटी पोट्टी होती. दाराशी उभी राहून तिनं विचारलं, बाईजवळ पोट्टी धाडू का. मी म्हटलं, खुशाल धाड वं, माह्या बाईच्या हाताखाली मासेबी पोहणं शिकतीन.

ती म्हणाली, "तुमी पाह्यलं का बाईले पोहताना?"

मी गमतीनं म्हटलं, मी पाह्यलं असतं तं तुमच्या घरच्या माणसाइनं मले जिवंत ठेवलं असतं का?

ती गेली नाही. "मले हसायचं नाही," म्हणाली. "एक गेली. तुमी पाह्यलं का नाही, तेवढं सांगा."

मी नाही म्हटलं. ती मान हलवून चालली गेली. पोट्टी धाडीन का नाही, ते तिनं सांगतलंच नाही.

त्या दिवशी मागावर माह्या हातून धागे तुटून राहिले होते. पोट्ट्याइले मास्तर केलं तवा एकेकाच्या मानेवर बसून मी पाह्यलं होतं, कोण घाबरते, कोण हात सोडते, कोण डोकं शाबूत ठेवते. बाईचं मले काय माहीत होतं? बायकोच्या तोंडून ऐकलेलं. अन् बायकोले तं स्वतःले पोहता येत नव्हतं. मी हो म्हटलं अन् बाईच्या हातून एखादी पोट्टी सुटली तं? नाही म्हटलं तं बायांची बावडी बंद, अन् पुन्हा विहिरीच्या काठावर दोर घेऊन उभ्या राहा. वळून पाह्यलं तं त्याच दिवशी सारं बंद. हे मले बावडी ठरली तवाच दिसायले पाहिजे होतं. पण तवा मी उस्ताद झाल्याच्या आनंदात होतो.

मी एक युक्ती केली. पितळेचा तांब्या राखेनं घासून घासून आरशासारखा केला अन् प्यायचं पाणी म्हणून बगीच्यात नेला. निंबाकडे तोंड करून तांब्या असा डोळ्यापुढे धरला की मागची बावडी त्याच्यात दिसावी. त्याच्यात मले माहं नाक दिसलं. एवढं मोठं नाक, की नाकाच्या मागं बावडी होती का नव्हती तेच कळेना. तांब्या इकडे कर, तिकडे कर, तेवढ्यात बायकोचा हात आला, तिनं तांब्या घेतला, पाणी भरलं अन् माह्यासमोर ठेवला. म्हणाली, तहान लागली ना, पेऊन घ्या. साराच्या सारा पेवा लागला.

शेवटी मी बायकोले सरळ विचारलं. ती तांदूळ निवडून राहिली होती. म्हणाली, बाई पोहतात चांगल्या, मले त्यातलं काही कळत नाही, पण घाबरल्या की डोळे मिटतात. एकदा एका बाईनं मस्तीत पाय ओढला तवा मिटले होते.

डोळे मिटतात. मी शाळेत गेलो अन् बाईलेच ते सांगतलं. मले वाटलं, त्याइले राग येईन. त्याइनं हजेरीचं बुक मिटलं. मंग म्हणाल्या की त्याइले ते माहीत आहे. पोहताना भीती वाटत नाही, पण कोणी खरोखर बुडताना आपल्याला धरलं तर आपण काय करू, ते आपल्यालाच माहीत नाही. तुम्ही मुलांच्या मानेवर बसता, म्हणाल्या, माझ्या मानेवर आजपर्यंत कोणी बसलंच नाही.

तं बसणार कोण? मी बसू शकत नव्हतो. सोबतच्या बायांले आता पोहता येत होतं. त्या नाटक करतीन अन् वेळेवर सोडून देतीन. खरं धरणारी पाहिजे होती, जिले पोहता येत नाही अशी. अन् रोज बावडीवर येऊन पोहता येत नसलेली अशी एकच बाई होती.

"मीच बुडीन," बायको म्हणाली.

मी म्हटलं, वं, तू उतरली तं बावडी उतू जाईन, बगीच्यातले संत्रे वाहून जातीन. ती हसली नाही. तिनं तांदळाचं सूप आत नेऊन ठेवलं, अन् दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीले निरोप धाडला की कमिटीले घेऊन या. मले विचारलंच नाही. विचारलं असतं तं मी अजून एक गंमत केली असती, अन् तिले ते माहीत होतं.

कमिटी आली. परीक्षा पाण्यात अन् कमिटी पुरुषांची, म्हणून सारे परीक्षक निंबाखाली, बावडीकडे पाठ करून बसले, अन् मी त्याइच्या बाजूले उभा. सेक्रेटरीनं रुमाल टाकला. कापडवाला बीडी वळून राहिला होता. एका म्हाताऱ्या पहिलवानानं तं डोळेच मिटले, म्हणे असंही काही दिसणार नाही. मागं पायऱ्यांवर बाया जमल्या होत्या. ती मायबी आली होती, धाकटीले घेऊन. बायकोनं मले सांगतलं ती आल्याचं, अन् मंग लुगड्याचा काष्टा आवळल्याचा आवाज आला. मले तवा एकबी गंमत सुचली नाही. इतका बोलका माणूस मी.

पयले पाण्याचा हलका आवाज आला, पायरी पायरीनं उतरल्याचा. मंग एक मोठा. खोल पाणी कुठून लागते ते मले माहीत होतं, आवाज तिथून आला. मंग बायको ओरडली. इतकी वर्षं ती माह्यावर ओरडली, पोट्ट्यावर ओरडली, दूधवाल्यावर ओरडली, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. त्याच्यात शब्द नव्हता. बाईनं सूर मारला तो ऐकू आला. पाण्याची झटापट ऐकू आली. बांगड्या दगडावर नाही, एकमेकीवर आपटल्या. कोणी तरी पाणी पेलं, कोणाच्या तरी घशातून आवाज आला. बाई का बायको, ते मले कळलं नाही. ज्याले आवाजावरून पाय ओळखू येत होते, त्याले स्वतःची बायको ओळखू आली नाही.

अन् मंग काहीच नाही.

पाणी गप्प झालं. पायऱ्यांवरच्या बायाबी गप्प झाल्या. सेक्रेटरीची मान अर्धी वळली, मंग त्याइनं माह्याकडे पाह्यलं अन् मान परत सरळ केली. कापडवाल्यानं बीडी तशीच धरली. पहिलवानानं डोळे उघडले. सारे माह्याकडे पाहून राहिले. मी वळलो असतो तं सारे वळले असते. मी निंबाकडे पाहून राहिलो. एक मुंगळा साल चढून राहिला होता, चढे अन् घसरे, चढे अन् घसरे. मले आठवते ते एवढंच. विहिरीतून पोट्टीले आणलं तवा तिचे केस माह्या मुठीत होते, तेबी आठवलं. मनात म्हटलं, आता वळ. आता. आता तरी.

मंग खोकला ऐकू आला. तो मी ओळखला. मागावरच्या कापसाच्या धुळीनं तो खोकला तिले लग्न झाल्यापासून होता. त्याच्यामागून बायांचा गलका उठला, पायऱ्यांवर पावलं धावली, कोणी तरी रडायले लागलं अन् कोणी तरी हसायले. बाईचा आवाज आला, दम लागलेला, पण सरळ. म्हणाल्या, "आणलं हो, उस्ताद."

सेक्रेटरी उठले. त्याइच्या डोळ्यात पाणी होतं, खोटं नाही सांगत. कमिटीले म्हणाले, आता आणखी काय पाहायचं. ह्या माणसानं स्वतःची बायको खोल पाण्यात दिली अन् मान वळवली नाही, एवढा ज्याचा आपल्या शिष्येवर भरवसा, त्याच्या शब्दाला आणखी काय साक्ष पाहिजे? कापडवाला हो म्हणाला. पहिलवानानं माह्या पाठीवर थाप मारली अन् म्हणाला, छाती पाहिजे गा याले. पोरी बाईच्या हवाली झाल्या. मी मान खाली घालून उभा होतो, जसं काही अशी तारीफ मले रोजच होते.

बाया कोरडे कपडे करून वर आल्या तवा मले वळायची परवानगी मिळाली. बाईच्या मानेवर अन् दंडावर बायकोच्या बांगड्याचे ओरखडे होते, लाल लाल. चष्मा अजून लावला नव्हता, म्हणून त्या मले शोधून राहिल्या होत्या. मी समोरच होतो. ती माय त्याइच्याजवळ गेली, ते ओरखडे तिनं बोटानं पाह्यले, अन् धाकटीचा हात बाईच्या हातात दिला. माह्याकडे तिनं पाह्यलं नाही. पाहायचं काही कारणबी नव्हतं.

मी अन् बायको घरी निंगालो. ती हळू चालून राहिली होती, मधामधात खोकत होती. केसाचं पाणी पाठीवर गळत होतं. मी विचारलं नाही, तरी तिनं सांगतलं. तिनं बाईची मान धरली, सोडायचं ध्यानातच राह्यलं नाही. दोघी खाली गेल्या. खाली हिरवं हिरवं दिसलं, कान फुटून राहिले होते, अन् तिले वाटलं आता संपलं. मंग हवा पाहिजे झाली तं हात आपोआप सुटले, अन् मागून कोणी तरी केस ओढले. बाईचे डोळे उघडे होते, म्हणे. पाण्यात तिनं पाह्यलं.

हे ऐकून माही छाती अजून फुगली. मी चालता चालता सांगायले लागलो, पाह्य वं, मले माहीत होतं, बाईवर माहा किती भरोसा होता, माणसाले आपल्या शिकवण्यावर विश्वास पाहिजे, म्हणून तं मी मान हलवली नाही, सेक्रेटरीबी म्हणाले. रस्ताभर सांगतलं. घराच्या कोपऱ्यावर आलो तवा ती थांबली, पदरानं नाक पुसलं अन् म्हणाली,

"भरोसा कायचा. वळायले पाय पाहिजेत, तुमचे तं जागीच गळाले होते. मागून धोतर असं थरथर कापून राहिलं होतं, साऱ्या बायांनी पाह्यलं."